खिळ्याला टांगलेला गार्ड

भोसरी असो, सातपूर असो की वाळूज, फॅब्रिकेशनच्या कुठल्याही छोट्या शेडमध्ये एखाद्या खांबावर खिळ्याला टांगलेला ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे फिरत्या चाकाला झाकणारा पत्रा, हमखास सापडतो. त्याच्यावर धुळीचा थर असतो, कारण मशिन नवं आलं त्याच आठवड्यात तो निघालेला असतो. दुसऱ्या हाताने धरायचं साइड हँडल तर बहुधा खोक्यातून बाहेरच आलेलं नसतं. कारागिराला विचारा, तो म्हणेल, "अडतो." मालकाला विचारा, तो म्हणेल, "कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत." मालकाच्या उत्तरावर चर्चा नेहमी होते, दंडही होतो, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला भाषणंही होतात. कारागिराच्या उत्तरावर मात्र कुणी थांबत नाही. गार्ड अडतो म्हणजे नक्की कशाला अडतो? हाताने वापरायच्या विजेच्या आणि हवेच्या अवजारांचे बरेच अपघात या एका प्रश्नाच्या उत्तरात आधीच लिहून ठेवलेले असतात.

बहुतेक वेळा तो चाकाला अडतो. शेडमध्ये मशिन असतं ४ इंची, ज्याला सगळे एजी-४ म्हणतात, आणि समोर काम असतं मोठ्या लोखंडी चॅनेलचं. ४ इंची चाक तेवढं खोल जात नाही. मग ७ इंची कटिंग व्हील आणलं जातं, आणि ते बसवायचं तर गार्ड काढावाच लागतो. इथे हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. ४ इंची मशिन रिकामं फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. १०० मिलिमीटरच्या चाकाची कड त्या वेळी सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने जात असते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. चाकावर छापलेली मर्यादा असते सेकंदाला ८० मीटर. इथपर्यंत सगळं ठीक. आता त्याच मशिनवर १८० मिलिमीटरचं चाक चढवा. फेरे तेवढेच, पण कडेचा वेग १०३ मीटरच्या पुढे जातो. त्या चाकावर स्पष्ट छापलेलं असतं की कमाल फेरे ८,५००. चाकाला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० मीटरला जो ताण असतो त्याच्या जवळजवळ १.७ पट ताण या चाकावर येतो. राळेने बांधलेले दाणे आणि मधली काचतंतूंची जाळी यांच्याकडून एवढी अपेक्षा कुणी केलेली नसते. असं चाक फुटलं तर तुकडे त्याच्या फिरण्याच्या पातळीत सुटतात, आणि त्या पातळीत बहुधा कारागिराचा चेहरा, गळा किंवा मांडी असते. त्यांच्या मध्ये उभा राहायचा तो पत्रा खांबावर लटकत असतो.

भोकाचा घोळ त्याहून कमी बोलला जातो. एजी-४ चा स्पिंडल, म्हणजे चाक बसतं तो दांडा, १० मिलिमीटर आट्यांचा, त्याच्या चाकाचं भोक १६ मिलिमीटर. ५, ७ आणि ९ इंची चाकांचं भोक २२.२३ मिलिमीटर. मोठं चाक छोट्या मशिनवर बसवायचं म्हणजे मध्ये सहा मिलिमीटरहून जास्त फट राहते. ती भरायला वॉशर, पाइपचा तुकडा, कधी कधी नुसती चिकटपट्टी गुंडाळतात. चाक मध्यावर बसत नाही आणि दर फेऱ्याला एका बाजूला ओढतं. मशिन थरथरतं, कारागीर ते आणखी घट्ट धरतो, थरथर मनगटात जाते. ७ इंची चाक झिजून ४ इंचाचं झालं की ते टाकून देण्याऐवजी एजी-४ ला लावायचं, ही काटकसरही जागोजागी दिसते. तिथे वेगाचा हिशेब बसतो, भोकाचा बसत नाही. वाचलेल्या पैशांत चहा येतो.

तेव्हा "अडतो" याचा खरा अर्थ असा असतो की स्टोअरमधून या कामाचं मशिन मिळालेलं नाही. ७ इंची काम रोज असेल तर ७ इंची मशिन विकत घ्यावं लागतं, किंवा चॅनेल कापायला चॉप सॉ, म्हणजे बैठकीवर बसवलेलं कापायचं मशिन, लागतो. कोपऱ्यातल्या वेल्डला गार्ड अडत असेल तर तिथे डाय ग्राइंडर हवा, ज्याच्या टोकाला बोटाएवढा दगड किंवा कार्बाइडचा बर (दातेरी टोक) बसतो. कापायची रेघ दिसत नाही ही तक्रार असेल तर गार्ड फिरवता येतो. त्याचा पट्टा गंजून जाम झालेला असतो किंवा स्क्रू सैल करायला पेचकस शोधावा लागतो, म्हणून कुणी फिरवत नाही. हल्ली खटक्याने फिरणारे गार्ड मिळतात, त्यांना अवजार लागत नाही. मशिन घेताना एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुष्कळ गार्ड जागेवर राहतील. गार्डची बंद बाजू चाक आणि कारागीर यांच्या मध्ये यायला हवी, म्हणजे ठिणग्याही पुढे जातात. कापण्यासाठी वेगळा, दोन्ही बाजूंनी झाकणारा गार्ड येतो, कारण पातळ चाक तुटलं तर तुकडा बाजूलाही येऊ शकतो. तो बहुतेक शेडमध्ये कुणी पाहिलेलाच नसतो.

चाक बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते दोन मिनिटांतच व्हावं, वीस सेकंदांत नव्हे. आधी पिन सॉकेटमधून काढायची. बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण मशिन मांडीवर उलटं घेऊन पाना लावताना अंगठा बटणावरच येतो. चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ते वाचायचं. राळेच्या चाकाला बनल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पडून राहिलेलं चाक मुदतीतलं असलं तरी त्याचा भरवसा नाही, राळ ओल धरते आणि कमजोर होते. कड उडालेली, चीर गेलेली किंवा खाली पडलेलं चाक सरळ मोडून टाकायचं. चाकाला दाबून धरणारे दोन्ही फ्लँज पुसून घ्यायचे, कारण मधे अडकलेला वेल्डचा एक दाणासुद्धा चाकाला एका बिंदूवर दाबतो. नट मशिनसोबत आलेल्या पिन पान्यानेच आवळायचा. छिन्नी आणि हातोडीने आवळलेला नट पुढच्या वेळी छिन्नीनेच निघतो आणि त्या ठोक्यांत स्पिंडल वाकतो. मग चाक जमिनीकडे, माणसांपासून दूर धरून अर्धा ते एक मिनिट नुसतं फिरू द्यायचं. सदोष चाक फुटायचं असेल तर ते बहुधा याच वेळी फुटतं. हा मिनिट फुकट गेला असं वाटतं, आणि तसं वाटावं यातच त्याचं काम झालं.

पातळ कटिंग व्हील, म्हणजे १ ते ३ मिलिमीटरचं, फक्त कडेने कापायला असतं. कापून झालं की त्याच चाकाच्या बाजूने कापाच्या कडेला उरलेला बूर घासणं ही सवय जवळपास सगळ्यांना असते. त्या चाकाला बाजूचा दाब सोसत नाही. घासायला ६ मिलिमीटरचं ग्राइंडिंग व्हील किंवा फ्लॅप डिस्क आहे. आणि लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरवर लावणं, जे सुतारकामात सर्रास चालतं, त्याबद्दल एवढंच सांगावंसं वाटतं: करू नका. ग्राइंडरचा गार्ड त्या पात्यासाठी बनवलेला नाही, खोली रोखणारी पट्टी त्याला नाही, आणि दात लाकडात अडकला की अख्खं मशिन हातातून अंगावर येतं.

हा उलटा झटका लोखंडातही बसतो आणि त्याचं कारण जॉबच्या टेकूत असतं. पाइप दोन घोड्यांवर ठेवून बरोबर मध्ये कापायला घेतला की शेवटाकडे पाइप वजनाने खाली वाकतो, काप वरून मिटतो आणि चाक चिमटीत सापडतं. पाइप वाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने बांधून काप टेकूच्या बाहेरच्या बाजूला घ्यावा, म्हणजे तुकडा मोकळा पडतो आणि काप उघडतो. पायाने दाबून धरलेला जॉब हा बांधलेला जॉब नव्हे. साइड हँडल लागतं ते याच क्षणासाठी. चाकाच्या रेषेत न राहता थोडं बाजूला उभं राहायचं. चाक अडकलंच तर आधी बटण सोडायचं, चाक पूर्ण थांबू द्यायचं आणि मगच काढायचं. बटण बंद झाल्यावरही चाक काही सेकंद फिरत राहतं. कामाच्या घाईत ते तसंच खाली ठेवलं की स्वतःचीच वायर कापतं.

बटणाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे जास्तच महत्त्वाची आहे. सरकवून अडकवायचं बटण असलेलं मशिन चालू असताना वीज गेली की कारागीर ते तसंच ठेवून चहाला जातो. वीज येते, आणि टेबलावरचं मशिन आपलं आपण फिरायला लागतं. दाबून धरलं तरच चालणारं पॅडल बटण किंवा वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असलेली मशिनं बाजारात आहेत, थोडी महाग आहेत. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथे हा खर्च आधी करावा.

आता वायर. लाकडी बोर्डाला दोन सॉकेट, वायरीची पिन तुटलेली म्हणून नुसत्या तारा सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या, हे चित्र बांधकामाच्या साइटवर इतकं ओळखीचं आहे की ते कुणाला दिसतच नाही. यात आधी जाते ती अर्थिंगची तार, कारण तिच्याशिवायही मशिन चालतं. मशिनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला दोनच तारा असतात आणि अर्थिंग लागत नाही. ही खूण नसेल तर तिसरी, हिरवी-पिवळी तार बॉडीपर्यंत अखंड पोहोचलीच पाहिजे. पण दुहेरी इन्सुलेशनही वायरीच्या सोललेल्या जागेपासून किंवा आत शिरलेल्या पाण्यापासून वाचवत नाही. लोखंड घासताना निघालेली धूळ पंख्याच्या हवेबरोबर मोटारीत जाते आणि ती वीज वाहते, म्हणून आठवड्यातून एकदा झरोके स्वच्छ करायचे. मोटारीतले कार्बन ब्रश ५-६ मिलिमीटरवर आले की जोडीने बदलायचे.

एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा गेला तरी हृदय बंद पडू शकतं, आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो तोडतो. हातातल्या प्रत्येक विजेच्या अवजारामागे तो असावा, साइटवर तर एक्स्टेंशन बोर्डातच बसवलेला. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते कामाआधी दाबून बघायचं. एक्स्टेंशनची वायर ३० मीटरपर्यंत छोट्या मशिनला १.५ चौरस मिलिमीटरची चालते. ९ इंची, दोन हजार वॉटच्या वरच्या मशिनला २.५ ची हवी. रीलवर गुंडाळलेली वायर तशीच ठेवून मोठं मशिन चालवलं तर उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे वितळतात, म्हणून रील पूर्ण उलगडायचं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे टाकीच्या आत. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की पावसाळ्यात दुरुस्तीची कामं निघतात, पॅन आणि ज्यूस हीटरमध्ये माणसं उतरतात. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठावर मालवाहू बार्जच्या पोटात तेच चालतं. भिंत लोखंडाची, फरशी लोखंडाची, अंग घामाने ओलं, त्यामुळे शरीराचा विरोध नावालाच उरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३६-अ मध्ये अशा बंदिस्त जागी पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वर विजेचा दिवा किंवा उपकरण न्यायला मनाई केली, ती याच कारणाने. अशा ठिकाणी हवेवर चालणारा ग्राइंडर विजेच्या ग्राइंडरपेक्षा कितीतरी बरा. मात्र टाकीत गुदमरतं म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी आत सोडण्याचा प्रकार कधीही होऊ देऊ नये. वाढलेल्या ऑक्सिजनमध्ये कपडे एका ठिणगीने भडकतात. हवेचं अवजार ऑक्सिजनवर चालवणं तर त्याहून भयंकर, कारण आतल्या तेलाशी ऑक्सिजनचा संयोग होऊन स्फोट होतो. थिनरच्या रिकाम्या ड्रमचंही तसंच. आत द्रव उरलेला नसला तरी वाफ असते, आणि तो ड्रम ग्राइंडरने कापायला घेणं म्हणजे बाँबला वात लावणं.

हवेची अवजारं विजेची नाहीत म्हणून निरुपद्रवी वाटतात. त्यांचा धोका हळू तयार होतो आणि त्याची सुरुवात कंप्रेसरच्या टाकीच्या तळाला असलेल्या एका छोट्या कॉकपाशी असते. पावसाळी हवेत बाष्प जास्त, ती दाबली आणि थंड झाली की पाणी सुटतं. कॉक रोज उघडून ते काढलं नाही तर पाणी लाइनमधून अवजारात जातं. हवेच्या ग्राइंडरमध्ये फेरे मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर असतो. पाण्याने तो गंजतो आणि अडकतो. हवेत तेल सोडणाऱ्या एफआरएल युनिटच्या वाटीतलं तेल संपलेलं असेल तर आणखी लवकर. अशातच लाइनला दाब कमी करणारा रेग्युलेटर नसेल आणि अवजारावर ६.२ बार (बार हे दाबाचं माप) लिहिलेलं असताना कंप्रेसरचे आठ-नऊ बार थेट मिळत असतील, तर ग्राइंडर छापलेल्या फेऱ्यांच्या पुढे पळतो. कारागिराला ते आवडतं, काम भराभर होतं. चाकाला मात्र ते सोसत नाही. म्हणून गव्हर्नर असलेल्या ग्राइंडरचे फेरे टॅकोमीटरने ठरावीक मुदतीने मोजावेत आणि पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले तर ते अवजार त्याच दिवशी बाजूला काढावं.

हवेच्या पाइपाचा जोडही असाच दुर्लक्षित. क्लॅम्प संपले म्हणून बाइंडिंग वायरचे चार वेढे दिले जातात. १९ मिलिमीटरच्या पाइपात ७ बार दाब असेल तर उघड्या तोंडावर सुमारे २० किलोचा जोर येतो. सुटलेला पाइप टोकाच्या क्लॉ कपलिंगसकट आपटत सुटतो आणि त्याला कुणी पकडू शकत नाही. पळत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद करणं हाच उपाय. आधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत: योग्य क्लॅम्प, कपलिंगच्या भोकात सेफ्टी पिन, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना पकडणारी व्हिप चेकची तार. अवजार बदलताना पाइप दुमडून धरण्याची युक्ती बऱ्याच जणांना येते. ती विसरायला हवी. व्हॉल्व्ह बंद करायचा, ट्रिगर दाबून आवाज थांबेपर्यंत उरलेली हवा सोडायची, मग जोड उघडायचा. ठोके देत नट आवळणाऱ्या इम्पॅक्ट गनला हातपान्याचा चकचकीत सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी वाटी, लावू नका. तो ठोक्यांनी तडकतो. तिच्यासाठी जाड भिंतीचा काळा सॉकेट येतो, आणि तो पिन आणि रबर रिंगने अडकवायचा असतो.

शिफ्ट सुटताना हवेच्या नळीने कपडे झाडणं हे मात्र खिळ्यावरच्या गार्डइतकंच सार्वत्रिक आहे. अमेरिकेच्या नियमात सफाईसाठी हवेचा दाब ३० पीएसआयच्या (सुमारे २ बार) खाली आणि कण अडवणाऱ्या चिप गार्डसह, अशी अट आहे. तीही मशिनच्या सफाईसाठी, अंगासाठी नव्हे. आपल्या लाइनमध्ये ९० पीएसआय, म्हणजे सहा बारच्या वर असतात. जखमेतून हवा कातडीखाली शिरते, कानाचा पडदा फाटतो, कण डोळ्यात रुततो. आणि थट्टेत कुणाच्या अंगाला, गुदद्वाराला नळी लावण्याचा प्रकार तर जीवच घेतो. आतडं फुटायला त्या दाबाचा अगदी छोटा अंशही पुरतो, आणि असे मृत्यू महाराष्ट्रातही झालेले आहेत. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट शब्दांत, संकोच न करता सांगितलं पाहिजे. पण कपडे झाडण्याची सवय मोडायची तर विचार पुन्हा तोच करावा लागतो. घामात मिसळलेली लोखंडी धूळ घेऊन बसने घरी कोण जाईल? शेडमध्ये नळ, साबण, कपडे बदलायची जागा आणि एक साधा व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीची गरज उरत नाही.

चष्मा, कानातले प्लग, मास्क यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. ग्राइंडरला बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. नुसत्या चष्म्याच्या बाजूने कण आत येतो. कण गेलाच तर रुमालाच्या टोकाने काढू नये, तो बुबुळावर गंजाची कडी सोडतो आणि ते डॉक्टरांचं काम आहे. ग्रॅनाइट, टाइल्स किंवा काँक्रीट कोरडं कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची राहते, तिथे तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. ड्रिलवर सुती हातमोजे घालू नयेत, बिट दोरा ओढतं आणि दोऱ्यामागून बोट जातं. गळ्यातला गमछा, मनगटातला धागा, ओढणी कामाआधी उतरवून ठेवायची.

खंडेनवमीला शेडमधली सगळी अवजारं एकत्र येतात, पुसली जातात, त्यांना झेंडूची फुलं वाहिली जातात. वर्षातला हा एकच दिवस असा असतो की प्रत्येक मशिन प्रत्यक्ष समोर असतं, म्हणून यादीही त्याच दिवशी करावी. प्रत्येक मशिनला नंबर रंगवायचा आणि वहीत त्याच्यापुढे लिहायचं: गार्ड आहे का, तो फिरतो का, साइड हँडल, वायर आणि पिन, बटण सोडल्यावर बंद होतं का, कार्बन, हवेच्या अवजाराचे फेरे. गार्ड नसेल तर तो का काढला हे त्याच कारागिराला विचारून त्याच्याच शब्दांत लिहायचं. ते उत्तर खरेदीच्या यादीत जातं. जे मशिन मोडीत काढायचं त्याची वायर तिथल्या तिथे मुळापासून कापून टाकायची, आणि मुदत संपलेली चाकं दोन तुकडे करून भंगारात. नुसती बाजूला ठेवलेली वस्तू सोमवारी कुणीतरी उचलतं आणि कामाला लावतं.